आंब्याला धरलेली मुळं

उजव्या करंगळीवर अंगठ्याचं नख टेकवून काका म्हणायचे, "इतक्यां वाढलां." नखापुढे करंगळी दिसायची ती तांदळाच्या दाण्याएवढी. बुधवारच्या बाजाराला मुळगावहून बसने डिचोलीला येऊन एवढंच सांगणारं गिऱ्हाईक माझ्या रोपवाटिकेत दुसरं नव्हतं.

मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीचा ट्रक चालवण्यात उमर गेली. खाण बंद पडली, मग बायको वारली. मुलगा मुरगाव बंदरात नोकरीला.

पहिल्यांदा आले ते कुंडी छातीशी धरून. आत सीतेची वेणी, म्हणजे आपल्याकडचं रानातलं ऑर्किड. बायकोने अंगणातल्या आंब्यावर बांधलेलं.

"बिचारां उघड्यार लोंबकळत होतां. म्हणान मातयेत लावलंय. आता मरता काय बघ गे बाय."

मी रोप उपसलं. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरताच साल निसटत होती.

"काका, पाणी किती घालता?"

"सकाळी, दुपारी, सांजेक." मग म्हणाले, "घरात दुसरां कोण आसा पाणी मागूक?"

मी कात्री ज्योतीवर धरून कुजलेली मुळं कापू लागले, तसे ते पाठ फिरवून उभे राहिले. घट्ट अशी दोनच मुळं उरली.

"याला माती नको. परत आंब्यालाच बांधा. मूळ पांढरं दिसलं की पाणी शिंपडा, हिरवं असेल तर राहू द्या."

"मगे खातला काय तां?"

"पावसाचं पाणी, सालीवरची धूळ."

"धूळ मीय खूब खाल्लंय," म्हणत ते हसले.

मग दर बुधवारी खबर. एकदा मुळाचं टोक गोगलगाईने खाल्लं, तर दिवसभर जेवले नाहीत. अशा माणसांचं आपण कसं ऐकतो, तुम्हाला ठाऊक आहे. मी हो हो म्हणत दुसऱ्याची जास्वंद कागदात गुंडाळत असायची. आठवडाभरात ते बोलायचे तेवढंच, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात घाईघाईने आले. "फुलां इली! आयताराक बघूक ये. चाय घेवन जा."

"येते हं काका."

त्या रविवारी घरी पाहुणे आले. पुढचाही रविवार गेला. मग दोन बुधवार तेच आले नाहीत, तेव्हा मी मुळगावला गेले.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, अंगणात घसरून पडले, कमरेला लागलं, मुलगा येऊन घेऊन गेला. आंब्यावरचं रोप न्यायचं म्हणत होते. मुलाने सोडवायला सुरीही घेतली. पण मुळं सालीला अशी धरलेली, की काकाच म्हणाले, "नको. तुटतली ती. रवांदे हयच."

फुलं गळून गेली होती. खोडावर मुळं वीतभर पसरलेली.

"फुलां इली त्या आयताराक आंब्याखाली दोन खुर्च्यो मांडल्यानी," बाई म्हणाल्या. "सांजपर्यंत बसान होते. कोण येवचां होतां गे?"

"मी," मी म्हणाले.