अर्जातली सहा वर्षं

ट्रक चालवणाऱ्या माणसाला कागदाची भीती वाटू नये, पण मला एकदा चांगलीच वाटली. डिचोलीतल्या एका वाहतूक कंपनीला औषधांची खोकी बेळगावला नेण्यासाठी ड्रायव्हर हवा होता. नाव, पत्ता, लायसन्स, अनुभव इथपर्यंत मी अर्ज झरझर भरला. शेवटी एक रकाना होता: मधल्या काळात नोकरी नसल्यास कारण. तिथे माझं पेन अडलं, ते तीन दिवस अडलेलंच राहिलं.

मधला काळ काही थोडाथोडका नव्हता, सहा वर्षांचा होता. मी मूळचा दोडामार्गकडचा. खाणीवर काम मिळतं म्हणून तरुणपणी इकडे आलो आणि मुळगावात बिऱ्हाड केलं. खाणीवर टिप्परमध्ये खनिजाची माती भरून घ्यायची, नदीकाठच्या जेटीवर नेऊन ओतायची आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. सोळा वर्षं हेच केलं. मग खाणी बंद पडल्या, मालकानं टिप्पर विकला आणि आम्ही सगळे ड्रायव्हर वाट बघत बसलो. चतुर्थी झाली की सुरू होणार म्हणे. चतुर्थी झाली की दिवाळीनंतर म्हणे, आणि दिवाळी सरली की शिगम्याचं नाव निघे. बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. मी घर सांभाळू लागलो. खाण बंद झाली तेव्हा दोन वर्षांची असलेली आमची मुलगी बघता बघता तिसरीत गेली. माझी भाकरी फुगायला लागली याचा मला फार अभिमान होता, पण तो मी चार भिंतींबाहेर कधी जाऊ दिला नाही.

शेजारी माझ्याबरोबरचाच टिप्परवाला, आता रिक्षा चालवतो. त्यानं अर्ज बघितला आणि हसत सुटला.

"सहा वर्सां घरात भाकऱ्यो भाजीत होतंय म्हणान लिवतलस? दारातसून परत धाडतीत तुका!"

दुसऱ्या दिवशी त्यानं बांद्याच्या आपल्या मेहुण्याकडून पत्रच लिहून आणलं, की मी सहा वर्षं त्याच्या ट्रकवर चिऱ्यांची वाहतूक केली. सहीसुद्धा झोकदार होती. ते वाचून बायको भडकली.

"सहा वर्सां घर चालवलात, ता लिवाक लाज कसली? आणि तुमका खोटा बोलाक खय येता? कान तांबडे होतत तुमचे."

मीही तापलो. कमावती झालीस म्हणून शहाणपण शिकवू नकोस, असं काहीतरी बोलून गेलो. बोलायला नको होतं, हे बोलतानाच कळत होतं. तरी पत्र आणि अर्ज खिशात घातले आणि निघालो.

कंपनीची मालकीण फोंड्याची, साठीच्या घरातली, नवऱ्यामागे सगळा धंदा स्वतः बघणारी. "त्या कदेलार बसात," म्हणून तिनं समोरची खुर्ची दाखवली आणि पत्र दोनदा वाचलं.

"बांद्याक आशिल्ले तुमी?"

"होय बाई." माझे कान तापलेले मला जाणवत होते.

"बरें. चला, गाडी चलोवन दाखयात. नार्वेच्या रस्त्यार वचून येवया."

आणि पर्स मांडीवर घेऊन ती स्वतःच माझ्या शेजारी केबिनमध्ये चढून बसली.

सहा वर्षांनी स्टेअरिंग हातात आलं आणि मी सगळं विसरलो. गिअर लोण्यासारखे पडत होते. मालकीण गप्प होती, म्हणजे खूश असावी असं मी धरलं आणि चक्क गुणगुणायला लागलो. पुढे एका तिठ्यावर सरळ जायचं होतं. माझ्या हातांनी उजवीकडे वळायचा सिग्नल दिला, गाडी वळवली आणि उतारावरून थेट आमच्या जुन्या जेटीवर नेली. तेवढ्यावर भागलं नाही. मी झोकात रिव्हर्स घेतला, गाडीची पाठ नदीकडे केली, नेमकी माती ओतायच्या जागी उभी केली आणि माल उलटायची दांडी शोधू लागलो. त्या गाडीला तसली दांडीच नव्हती! जेटीवर गुडघाभर गवत होतं आणि दोन म्हशी आमच्याकडे बघत होत्या.

मालकिणीनं म्हशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बांद्याक जेटी आसा?"

मग मी सगळं सांगून टाकलं. पत्र खोटं, मेहुणा शेजाऱ्याचा, मी घरी होतो, खाणीची वाट बघत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूण इतलीं वर्सां दुसरें काम कित्याक सोदलें ना?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. खाणीची वाट बघतोय, हे सांगायला बरं पडत होतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. सोळा वर्षांचा अनुभव म्हणून मिरवायचो, पण तो सगळा खाण ते जेटी या नऊ किलोमीटरांचा. घाट कधी चढलो नव्हतो, हायवेला कधी लागलो नव्हतो.

"बाई," मी म्हटलं, "माका ह्योच एक रस्तो येता."

ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पत्र माझ्या हातात परत दिलं. "ह्या कागदाक नोकरी मेळची ना. रिव्हर्स मात बरो घेतलो तुमी. पयलो म्हयनो चोर्ल्याच्या घाटांत म्हजो जुनो ड्रायव्हर तुमच्या वांगडा बसतलो. आनी तो रकानो खरें बरोवन दियात."

तिनं पर्समधून अर्ज काढून दिला आणि मी तिथेच मांडीवर ठेवून लिहिलं: घरी होतो, घर चालवलं.

घरी आल्यावर आधी बायकोची माफी मागितली. ती एवढी खूश झाली की माफीकडे तिचं लक्षच नव्हतं. कढईत शिरा परतायलासुद्धा लागली. मुलगी तेवढी दाराला टेकून वेणीचं टोक पिळत उभी होती.

"आता माझी वेणी कोण घालतलो?"

"आई घालतली."

"आई केस वडता."

अर्जातल्या सहा वर्षांचा हिशेब देऊन मी सुटलो होतो. तिचा हिशेब राहिलाच होता. मी तिची सैल झालेली रिबीन नीट बांधली.

"गाडी साताक सुटता," मी म्हटलं. "तू सहाक उठशीत?"

ही आमची मुलगी तीन हाका मारल्याशिवाय कधी उठत नाही. सोमवारी मी डोळे उघडले तेव्हा साडेपाचही वाजले नव्हते, आणि ती फणी आणि दोन रिबिनी घेऊन माझ्या उशाशी बसली होती.