सोमवारचा साबुदाणा

आण्णांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. प्रात्यक्षिकाच्या तासाला फोन बाहेर बॅगेत ठेवावा लागतो, त्यामुळे तो तीनदा वाजून गेल्यावर मला कळलं. मी उलटा फोन लावला. आण्णा म्हणाले, "मने, आक्का राहिली न्हाई. सकाळी डेअरीतच, बसल्या जागी..." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पायाचं काही झालं का?" आण्णा म्हणाले, "न्हाई गं. पाय चांगला व्हता तिचा." अंबाजोगाईहून गावाकडं जाणाऱ्या एसटीत मी तेवढं एक वाक्य मनात धरून बसले होते. आता महिना उलटून गेला. आत्याबद्दल लिहायला बसलं की रडू येईल असं वाटलं होतं, पण होतं उलटंच. मला घाई होते... तिनं काय केलं ते कधी एकदा सांगून टाकेन, असं होतं. मला नीट लिहिता येतं की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर समजून घ्यावं.

कौसाआत्या ही आण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. तेलगावपासून थोडं आत आमचं गाव. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. आई-आण्णाही जायचे. मी आणि धाकटी बहीण आत्याजवळ राहायचो, म्हणून आमची शाळा मोडली नाही. आत्या गावच्या सहकारी दूध संस्थेत कामाला होती. गावात सगळे त्या खोलीला डेअरीच म्हणतात. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, त्याची फॅट काढायची, म्हणजे यंत्रावर स्निग्धांश मोजायचा, कॅन भरून टेम्पोत चढवायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण दशांश चिन्ह तिला माझ्याआधी कळत होतं. कुणाच्या दुधात किती पाणी आहे हे तिला ठाऊक असायचं आणि बरंचसं ती पोटात ठेवायची.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गुरं चारा छावणीत होती. जिथं तीन कॅन भरायचे तिथं एक कसाबसा भरायचा. भादव्यातच विहिरींचे तळ दिसत होते. अशात एकदा रिकामा कॅन धुऊन ठेवताना तो निसटला आणि आत्याच्या उजव्या पायाच्या बोटावर पडला. तिला फारसं दुखलं नाही. न दुखणं हेच वाईट होतं, हे मला पुढं कळलं. तिला पाच-सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता. गोळी घ्यायची आणि वेळेला तीन भाकरी खायची. बोट काळं पडायला लागलं तेव्हा मी तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. तिथले तरुण डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मावशी, साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल. आणि बोटावरच थांबेल, असं मी सांगत नाही."

भाकरी, पोळी, भात, गूळ, साखर, बटाटा, हे सगळं दोन महिने जवळजवळ बंद करायचं होतं. जेवण बदलणार म्हणून गोळीही त्यांनीच कमी करून दिली आणि आपल्या मनानं त्यात काही करायचं नाही, असं दोनदा बजावलं. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघण्याआधी पुन्हा दाखवायचं ठरलं. बाहेर पायरीवर बसून आत्या म्हणाली, "पाय गेला तर डेअरीत कोन उभं ऱ्हाईल? अन् धाकटीला कोनापाशी ठिवायचं?" मी कॉलेज सोडून घरी यायचं, एवढंच त्याचं उत्तर होतं. ते दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी नुसती तिच्या पायासाठी घाबरले होते असं लिहिलं, तर ते खोटं होईल.

भाकरी सोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडं राहिल्याशिवाय कळणार नाही. आमच्यात "जेवलीस का" असं न विचारता "भाकर खाल्ली का" असंच विचारतात. पहिल्या दिवशी आईनं वांग्याचं कालवण वाढलं. आत्या ताटापुढं बसली आणि हात तसाच धरून राहिली. तुकडा मोडायचीच सवय बोटांना. कालवण उचलायचं कशानं? चमचा दिला तर म्हणाली, "मी काय दवाखान्यात भरती झालेय का?" मग तिनंच उपाय शोधला. बाजारातून आणलेल्या पत्ताकोबीचं एक पान काढलं, भाकरीसारखा तुकडा मोडला आणि त्यानं वांगं उचललं. आई बघतच राहिली. "आक्का, मानसानं भाकर सोडून पाला खायाचा म्हंजी काय? जनावर हाव का आपुन?" आत्या म्हणाली, "जनावरं समदी छावनीत गेली. पाला कुनीतरी खायाला पायजे का न्हाई?" उन्हानं नासलेलं दूध टेम्पोवाला परत करायचा. त्यात गूळ घालून पोरांना द्यायची रीत होती. आत्यानं ते फडक्यात बांधून पाणी काढलं आणि हिरवी मिरची, कांदा टाकून तव्यावर परतलं. ते मीही खाल्लंय, फार छान लागतं. घरच्या कोंबड्यांची अंडी होती, ताक होतं, शेवग्याचा पाला होता. दुष्काळात शेवगा तेवढा हिरवा राहतो.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं धरायचं, हातपाय गळायचे, आणि आत्या कधी नव्हे ती चिडकी झाली. धाकटीला दप्तर उघडं टाकलं म्हणून बोलली. पण खरी गोष्ट डेअरीत घडली. संस्थेच्या चेअरमनचं दूध आलं. बरीच वर्षं ती ते मुकाट मोजून घ्यायची. त्या सकाळी तिनं फॅट काढली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "चेअरमनसाहेब, टँकर गावात यायच्या आधी तुमच्या म्हशीकडं येतो का?" लोक खाली बघून हसले. चेअरमन म्हणाले, "कौसाबाई, आज लईच कडू बोलायलाव." तर ही म्हणाली, "पोटात भाकर न्हाई, मंग तोंडात साखर कुठून येईल?" संध्याकाळी मला फोनवर सांगताना तिला रडू फुटलं. "मने, माज्या जिभेवर माजा ताबा न्हाई राहिला. लोक म्हनतील कौसा येडी झाली." मला कसं समजवावं कळेना. मी वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं, आणि शरीराला इतक्या वर्षांची सवय मोडताना असं होऊ शकतं, थोडे दिवस जाऊ दे, पाणी पी, ताकात मीठ घाल, एवढं तिला सांगितलं. ते बरोबर होतं का, हे डॉक्टरांनाही विचारून घेतलं.

आणि मग, साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी, तिचा फोन आला तो आवाज मी विसरणार नाही. "मने, आज म्या दुपारी झोपले न्हाई." मला वाटलं, दुखतंय की काय. "न्हाई गं, झोपच आली न्हाई. डोळ्यापुढचं जाळं काढल्यावानी झालंय. डेअरीची भित्ताडं पांढरी केली आज." तीन भाकरी खाऊन दुपारभर जडावून पडणारी आत्या आता मोकळी झाली होती, आणि त्या मोकळ्या दुपारींचं काय करू असं तिला झालं होतं. तिनं कॅनवर नंबर घातले. धाकटीकडून इंग्रजी आकडे लिहायला शिकली. छावणीपर्यंत कुणाच्या तरी गाडीवर जाऊन गुरं बघून आली. मला रोज फोन. माझ्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, तुझी आत्या आहे का आकाशवाणी? जेवणातला एक पदार्थ बदलला म्हणून माणसाचा मूड इतका बदलतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता. आता वाटतं, ती तशीच होती, भाकरीच्या झोपेखाली आम्हाला दिसत नव्हती. पण सगळ्यांचं असंच होईल, असं मी म्हणणार नाही. मी एकाच माणसाचं पाहिलंय.

फक्त एक अडचण होती. जखम भरायची, पुन्हा ओली व्हायची. आण्णांनी साखर तपासायचं छोटं यंत्र आणलं होतं. "दुसऱ्याच्या दुधाची फॅट रोज काढते, आता माजीबी निघू दे," म्हणत आत्या सकाळी उपाशीपोटी हाताचं बोट टोचायची आणि आलेला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायची. महिन्याभरानं मी घरी गेले. पाय बघितला, घाबरले, आणि उगाच कॅलेंडरसमोर उभी राहिले. बुधवारची ओळ बरी, गुरुवारची एक चौकोन सोडला तर बरी, शनिवारची तर अगदी छान. मंगळवारच्या ओळीवर नजर गेली आणि मी तिथंच थांबले. चारही मंगळवार दोनशेच्या वर. गुरुवारच्या त्या एका चौकोनातही भलताच आकडा होता, आणि आदल्या बुधवारी छापलेलं होतं, एकादशी.

मी बोट ठेवून ते आकडे पुन्हा वाचले. प्रयोगशाळेत कधी आकडे असे वाचले नव्हते. मी आत्याला हाक मारली. "आत्या, सोमवारी काय खातीस तू?"

"सोमवारी काय खाईन? उपास असतो माजा."

"मग उपासाला?"

"उपासाला काय खात्यात? साबुदान्याची खिचडी. सांजच्याला भगर, एखादं रताळं." आणि माझं तोंड बघून म्हणाली, "असं कावून बघायलीस? ते जेवान थोडंच हाय?"

तिनं लपवलं नव्हतं. तिच्या हिशेबी उपास म्हणजे न खाणंच. डॉक्टरांनी भाकरी बंद सांगितली, ती बंद होती. साबुदाण्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, पुस्तकानं नाही, मीही नाही. आई दर सोमवारी माझ्या डोळ्यांसमोर खिचडीवर दाण्याचं कूट पेरायची आणि मलासुद्धा कधी शंका आली नव्हती. मी तिला सांगितलं, की साबुदाणा म्हणजे नुसता पिठाचा मणी, भाकरीहूनही लवकर त्याची साखर होते. आत्या खाली बसली. नवरा गेला त्या वर्षापासून, तीस वर्षं, तिनं महादेवाचा एकही सोमवार चुकवला नव्हता. आई म्हणाली, "देवाचं खाऊन कुनाचा पाय जात न्हाई. मने, तुजं कालेज तुज्यापाशी ठिव." मला वाटलं, आता पाय तरी जाईल, नाहीतर तिचा देव तरी... आणि दोन्हीला कारण मी.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम राहिले. आत्यानं सकाळी आंघोळ केली, देवळात जाऊन आली आणि आईला म्हणाली, "महादेवानं साबुदाना कवा मागितला, मला आठवंना." वाटीभर दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, अर्धी काकडी, असं घेऊन बसली. दुपारी आई म्हणाली, "आक्का, ह्याला उपास म्हनत्यात व्हय?" आत्या हसायलाच लागली. "आगं, पोटात कावळे वरडायलेत. आता कुठं उपास झाला. तीस वर्सं म्या उपासाच्या नावानं जेवत व्हते."

मंगळवारी सकाळी आम्ही तिघी त्या यंत्राभोवती बसलो. आकडा आला. आत्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिला, पेन घेतलं आणि मंगळवारच्या चौकोनात लिहिला. शनिवारसारखा होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आई शेजारी होती, म्हणून मी नुसता आत्याचा हात दाबला. त्यानंतर जखम सुकत गेली ती सुकतच गेली. दिवाळी झाली आणि टोळी निघायच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. म्हणाले, "मावशी, वाचलं." आत्यानं विचारलं, "मंग आता अर्धी भाकर खाऊ का?" ते म्हणाले, "अर्धी खा. उपासाच्या दिवशी जास्त जपा." परत येताना एसटीत तिनं मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाली, "आता परीक्षेचं बघ."

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दोन्ही वर्षी आई-आण्णा ऊसतोडीला गेले, धाकटी दहावी झाली आणि मी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले. मातीला आलेल्यांपैकी काही जण म्हणाले, भाकर सोडली म्हणून कौसा गेली. मला ते लागलं. मी नंतर डॉक्टरांना जाऊन विचारलं. इतक्या वर्षांच्या साखरेनं हृदय आधीच झिजलेलं असावं, ही दोन वर्षं चांगली गेली, असं ते म्हणाले. त्यापलीकडं मी वाद घालणार नाही. मला तेवढं शिक्षण अजून नाही.

गेल्या आठवड्यात मी घरी होते. आत्याच्या खोलीत भिंतीवर एक आरसा आहे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. पायाची जाणीव गेलेल्यांनी रोज तळवे बघावेत, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. वाकून तळवा दिसत नाही म्हणून तिनं स्वतः खिळा ठोकून तो तिथं लावला. मी तिला त्यात कधी तोंड बघताना पाहिलं नाही. रोज आंघोळीनंतर खाली बसायची, एकेक पाय आरशापुढं धरायची. आण्णा तो काढून वर लावायला निघाले होते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिथंच." तेराव्यानंतर गावच्या आशाताईंनी आईचं रक्त तपासलं, तेव्हा तिलाही साखर निघाली. आई भुईवर बसली, लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि पाय आरशापुढं धरला.

"मने, हिकडं ये. टाचंजवळ काळं काय दिसायलंय?"

मी ओढणीच्या टोकानं पुसलं. "माती हाय."

"नीट बघ."

मी पुन्हा पुसलं, खाली वाकून बोटानं चाचपलं. "मातीच हाय, आई."

मग तिनं दुसरा पाय पुढं केला.