कोन्सोरच्या लेकीला मागणी

कोन्सोर माझी थोरली बहीण. एस्तान्सियाच्या धक्क्यावर मासळी उतरली की चिरायची, मिठात घालायची, बांबूच्या तट्ट्यांवर वाळवायची. तीस वर्षं हेच. नवरा समुद्रावर गेला तो गेलाच. तरी लेकीला, मारिवेलला, तिनं शिकवलं. पोरगी मनिलाच्या बँकेत साहेबीण झाली. जिद्द म्हणजे काय, ते माझ्या बहिणीला विचारा!

आता, आमच्याकडे मुलाच्या घरच्यांनीच जेवण घेऊन मुलीच्या घरी यायचं आणि आईबापांकडे तिला मागायचं. मुलगा इन्याकी, बाकोलोदच्या ऊसमळेवाल्यांचा. मारिवेल आठवडाभर आधी आली ती थेट माझ्याकडे.

"मावशी, बैठक तुझ्याकडे ठेवूया? तुझं घर पक्कं आहे. आईकडे वास येतो गं."

त्याच वासावर शिकलीस की गं भवाने! ओठावर आलं होतं, पण गिळलं. कोन्सोरला सांगितलं, तर तीच म्हणाली, "बरोबर आहे तिचं. माझ्याकडे चार खुर्च्या तरी आहेत का?"

त्या दिवशी मी नवा झगा घातला, मोत्यांची माळ घातली. माझा नवरा जहाजावर, असतं आपलं थोडंफार. कोन्सोर आत पाहुण्यांसाठी भात ताटात काढत होती. भाजलेलं अख्खं डुक्कर घेऊन पाहुणे आले आणि इन्याकी सरळ माझ्यापुढे वाकला. माझा हात उचलून कपाळाला लावला. "आशीर्वाद द्या, आई."

आई! अहो, मी हात मागे घ्यायला हवा होता. नाही घेतला. का नाही घेतला? देवाशपथ, अजून सांगता येत नाही. मारिवेल जमिनीकडे बघत होती. कोन्सोर भाताचं ताट घेऊन दारातच उभी. तिनं ते टेबलावर ठेवलं.

"बाई, जरा पाणी आणता?" इन्याकीची आई तिला म्हणाली. तिनं आणलं.

जेवणं झाली. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "तुमची मुलगी आम्हाला द्याल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कोन्सोरकडे बघितलं. तिनं मान हलवली. दे म्हणाली की नको म्हणाली, माझ्या डोक्यात काही शिरेना.

"दिली," मी म्हणाले. टाळ्या पडल्या.

पाहुण्यांची गाडी वळली आणि मारिवेल माझ्यावरच उसळली. "तू कशाला बोललीस? आई पुढे येईल म्हणून मी थांबले होते!"

"आणि तुझं तोंड काय शिवलं होतं?" मीही ओरडले. मला माझीच लाज वाटत होती, पण राग तिच्यावर निघत होता.

कोन्सोर ताटं घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "भांडू नका गं. एकदा आई म्हणून हाक मारली असती, तर आले असते."

मारिवेल रडायला लागली. मोरीपाशी गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आ..."

"बाई, माझा हातपंखा राहिलाय का इथे?" इन्याकीची आई दारात परत उभी.

मारिवेलनं हात काढून घेतला. कोन्सोरनं ओले हात झग्याला पुसले आणि पंखा शोधायला लागली.