पाहुण्याची पोरगी

ज्या दिवशी मी किन्हीराजा सोडलं, त्या दिवशी अख्खं गाव मोटारीच्या थांब्यावर जमलं होतं. निरोप द्यायला नव्हे. मी खरंच जातो की अर्ध्या वाटेतून परत येतो, एवढंच पाहायला. म्हातारे आले, लेकरं कडेवर घेऊन बाया आल्या, दोन बैलही आले होते आणि तेही माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आमचा शेजारी दाजीबा उभ्या जन्मात कोणाच्या तेरवीलाही वेळेवर गेला नव्हता. तो त्या दिवशी धोतर धुऊन सगळ्यांच्या आधी हजर होता. ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, याले मालेगावले उतरवू नको. चांगला अकोल्यापर्यंत ने. उतरतो म्हनला तरी दार उघडू नको."

बाबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि खाली उतरून एकच वाक्य बोलले, "जाय. पन तठी आमचं काही लिवू नको." माय पदरात तोंड घालून उभी होती. माझी धाकटी बहीण वच्छी मात्र रडली नाही. तिनं खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलं आणि म्हणाली, "पत्र धाडजो, दादा. माह्याच नावानं धाडजो. वाचता येते मले." ते शेवटचे तीन शब्द तिनं असे म्हटले की मोटारीनं धूळ उडवायच्या आधीच माझ्या तोंडात धूळ गेली.

आता गावकऱ्यांनो, गावातून पुण्याला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर तुमचा निरोप येतो, नारायण गावाले काहून येत नाही, पुण्याची हवा लागली काय? हवा कसली लागते! इथल्या माझ्या खोलीत हवा यायची झाली तर आधी मला बाहेर उभं राहावं लागतं. मी येत नाही त्याचं कारण तुम्ही आहात, आणि थोडा मीही आहे. ते आज लिहून टाकतो. चावडीवर गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि जे माझ्यासारखे गाव सोडून नागपूरला, मुंबईला जाऊन बसलेत आणि सणासुदीला गावाच्या नावानं गळा काढतात, त्यांनीही वाचा. गळा काढायच्या आधी काय पोटात आहे ते पाहिलेलं बरं.

तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. पुण्याच्या एका संस्थेतले प्रोफेसर जीपमध्ये बसून आपल्या गावात आले. शिकल्यानं शेतकऱ्याची कमाई वाढते का, लोक कसल्या घरात राहतात आणि त्यांना कर किती झेपेल, असा तिहेरी शोध त्यांना लावायचा होता. प्रत्येक घरासाठी पाच पानांचा फॉर्म होता. त्यात इतके प्रश्न होते की यमाच्या दरबारातही एवढे विचारत नसतील. गावात मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून त्यांनी मला हाताशी धरलं. मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी स्वच्छ सांगितलं, की सरकारला सातवीपर्यंतची एक शाळा काढायची आहे, आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात. कुठे मुलं जास्त आणि कुठे लोक शाळेचा भार उचलतील, ते या शोधावरून ठरेल. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आपल्या गावाचा हात कोणी धरणार नाही.

त्या शाळेत कोणाचा जीव अडकला होता, तेही सांगतो. आपली शाळा चौथीपर्यंत. पुढे पोरं मालेगावला जात, पोरी चुलीपुढे. वच्छी चौथीत पहिली आली आणि शाळा सोडायला तयार होईना. म्हणून ती पुन्हा चौथीत बसली. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वर्षी तर तिला पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, डोळे मिटून धड्यातला स्वल्पविरामसुद्धा सांगायची. गुरुजी पहिलीचा वर्ग तिच्यावर सोडून विडी ओढायला जात. बाबा म्हणायचे, "गावात सातवी निघाली तं शिक. गावाभाइर पाय टाकला तं तंगडी तोडीन." म्हणजे तिचं सगळं त्या पाच पानांवर होतं.

आता माझा गुन्हा. पहिल्या दिवशी घरी येऊन मी जेवताना बाबांना सांगून टाकलं, की फॉर्मात छप्पर कशाचं ते विचारतात, खोल्या किती ते विचारतात आणि लेकरं किती तेही विचारतात. बाबांचा घास हातात राहिला. "टिनं मोजून राह्यले? पोरं मोजून राह्यले? अबे, टॅक्स लावाले येऊन राह्यले थे! शाळा-बिळा काही नाई!" माझ्या बापाचा आवाज असा, की आमच्या वावरात हाक मारली तर रिसोडच्या बाजारात लोक मागे वळून पाहत. जेवण संपायच्या आत गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही घरांवरची टिनं उतरवायला लागलात. काय तो आवाज! मंगरूळपीरच्या दर्ग्यावरची कबुतरं जी उडाली ती म्हणे अजून खाली बसलेली नाहीत. टिनं कडब्याच्या गंजीत गेली, विहिरीत सोडली गेली, एकानं तर म्हशीच्या पाठीवर बांधून म्हैसच रानात हाकलली. घरांवर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आल्या. मग सगळी लेकरं गोळा करून सीताफळाच्या बनात पिटाळली. दोन तासांत आपलं गाव असं झालं, की मोहंजोदडोवाल्यांनी पाहिलं असतं तर त्यांनी आपल्याला धान्य पाठवलं असतं.

दाजीबाच्या घरापुढे मी फॉर्म घेऊन उभा राहिलो. बाजूला प्रोफेसर.

"घर कशाचं?"

"पऱ्हाट्याचं."

"वर काय आहे?"

"आभाळ."

"लेकरं किती?"

"देवानं देल्लीच नाई, बाप्पा."

मागे दोरीवर सहा लहान लंगोट वाळत होते. प्रोफेसरांनी ते कोणाचे म्हणून विचारलं. दाजीबानं पापणी हलवली नाही. म्हणाला, "माह्येच हायेत, साहेब. लहान होतो तवाचे." आणि तेवढ्यात बनातून त्याच्या सहाच्या सहा पोरांचा ओरडा ऐकू आला, तर म्हणतो, "माकडं लय झाली यंदा."

मी त्या दिवशी प्रोफेसरांना बाजूला नेऊन खरं सांगितलं. सांगितलं, हे सगळं खोटं आहे, मी इथलाच आहे, मला एकेक लेकरू नावानिशी माहीत आहे. त्यांनी चष्मा पुसला. "नारायण, तुम्हाला काय माहीत आहे ते लिहायचं नाही. उत्तर देणारा काय सांगतो ते लिहायचं. यालाच शास्त्र म्हणतात." त्या माणसाला समोरचे लंगोट दिसूनही लेकरं दिसत नव्हती आणि त्याला सबंध जिल्ह्याचं भवितव्य दिसणार होतं! पण त्याला शिव्या देऊन मी सुटत नाही. कारण शेवटचं घर आमचं होतं.

बाबा ओसरीवर उघडे बसले होते. आमची टिनं पलंगाखाली, वर गोधड्या. मी विचारलं, "शाळेच्या वयाची मुलगी?" मी, माझ्या बापाला, माझ्या घरात! बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई." तेव्हा उन्हानं लाल झालेल्या प्रोफेसरांनी पाणी मागितलं. माय परसात होती. बनात न जाता घरातच राहिलेली वच्छी दाराआडून तांब्या घेऊन बाहेर आली, बोटांना खडू लागलेला. प्रोफेसरांनी विचारलं, "ही कोण?"

"पाहुण्याची पोरगी हाय," बाबा म्हणाले.

वच्छीनं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी खाली पाहिलं आणि त्या रकान्यात शून्य घातलं. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. ते शून्य तर कंपासनं काढल्यासारखं आलं. रात्री जेवायला वाढताना तिनं हळूच विचारलं, "मी कोन्या पाहुण्याची हावो, दादा?" मी मीठ मागितलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ते उलटं सांगता. शेजारच्या गावानं पाहुण्यारावळ्यांची पोरंसुद्धा धरून आणून मोजून दिली. सातवीची शाळा तिकडे गेली. आपल्याबद्दल अहवालात छापून आलं, की इथे मुलं जवळपास नाहीत आणि शिक्षणाची ओढही नाही. आणि कर? घरपट्टी आलीच! पंचायतीच्या माणसानं फॉर्म आणला नाही की जीप आणली नाही. गावातून एक चक्कर मारली, घरं पाहिली आणि लावून गेला. तोवर तुमची टिनं परत छपरावर गेली होती, त्यांना पडलेले पोचे तेवढे वाढले होते. तेव्हा तुम्ही सगळे मिळून शोधायला लागलात, की शाळा कोणी घालवली. लिहिणारा हात माझा होता. "यानंच लिवलं, यानंच," दाजीबा पारावर चढून ओरडला. सहा पोरांचा बाप! आणि नेमकं त्याच महिन्यात प्रोफेसरांचं पत्र आलं, की तुमचं अक्षर चांगलं आहे, संस्थेत नोकरी आहे, या. झालं! गाव विकून नोकरी घेतली म्हणून तुम्ही मोकळे झालात.

वच्छीचं चौथीच्या वर्गात जाणं बंद झालं. पुढच्या उन्हाळ्यात रिसोडच्या एका घरी तिचं लग्न लावलं. मी गेलो नाही, रजा नाही असं कळवलं. रजा होती.

इथे पुण्यात मी आता टेबल-खुर्चीवर बसतो, सँपल म्हणतो, टॅब्युलेशन म्हणतो, "नाई" न म्हणता "नाही" म्हणतो. इथले लोक माझं बोलणं ऐकून हसत, आता फक्त मी गेल्यावर हसतात. राहायला एका पेठेत जिन्याखालची खोली आहे. वर टिनच. तुमच्या डोळ्यांसमोर माडी आली असेल तर पुसून टाका. घरपट्टीचा माणूस मोजणीला आला की मालक खोली भाड्यानं दिल्याचं लपवतात. मला दाखवून गोड आवाजात सांगतात, "हे होय? हे आमच्याकडे आलेले पाहुणे. वऱ्हाडातले. दोन दिवस आहेत." चार वर्षं झाली, मी दोन दिवसांसाठी आलेलो आहे. पहिल्यांदा ते शब्द ऐकले तेव्हा मी तांब्या घेऊन दारात उभा होतो. त्या माणसानं मला वर-खाली पाहिलं आणि पुढे निघून गेला. दुपारभर माझ्यानं त्या खोलीत बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेतलं कपाट उघडून आपल्या गावचे फॉर्म काढले. सगळ्यात खाली आमच्या घराचा होता. शून्य तसंच, शाई जराही फिकी नाही.

तेव्हापासून एक करतो. पुण्याबाहेरच्या वस्त्यांत फॉर्म घेऊन जातो, बाप सांगतो मुलगी नाही, मी मान डोलावतो आणि म्हणतो, जरा पाणी मिळेल का? आणि बसून राहतो. पाणी घेऊन जी येते तिला नाव विचारतो आणि लिहितो. बाप चिडतात, एकानं कुत्रं सोडलं. प्रोफेसर म्हणाले, "नारायण, तुमच्या वस्त्यांत मुली फार निघतात, आणि तुम्ही पाणीही फार पिता." मी म्हटलं, ऊन फार आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाव माझं घर आहे का? जिथं आपल्या पोरीला पाहुण्याची म्हटलं आणि तिच्याच भावानं ते लिहून घेतलं, त्या जागेला मी घर म्हणायला धजत नाही. आणि जिथं मला पाहुणा म्हणून दाखवतात तिला तर मुळीच नाही. माझं घर म्हणून काही उरलं असेल तर ते एका माणसापाशी आहे, आणि तिनं दार उघडेपर्यंत मला ते आहे असं म्हणता यायचं नाही.

इतकी वर्षं मी पत्रं बाबांच्या नावानं धाडली. उत्तरं गुरुजींच्या अक्षरात आली. आज याच मजकुराची दुसरी प्रत रिसोडला टाकतो आहे, पाकिटावर पत्त्याच्या वर फक्त तिचं नाव, मोठ्या अक्षरात. सासऱ्यांचं नाही, नवऱ्याचं नाही. पोस्टमनसाठी मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आहेत: पोस्टमनदादा, दारात कोणी सांगितलं की या नावाचं इथं कोणी नाही, तर परत फिरू नका. पाणी मागा. जी घेऊन येईल, तिच्या हातात द्या. तिला वाचता येतं.