काकाजी आणि दह्यातले जिते किडे

वाशीमजवळच्या आमच्या अख्ख्या मालेगावात काकाजींच्या संशयातून सुटलेला माणूस नाही. ते स्वतःही नाहीत. घराला कुलूप लावून बसस्टँडपर्यंत गेले, की ते खरंच लागलं का या शंकेनं परत येतात. काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून जेवण आमच्याकडेच. डाळीत खडा सापडला नाही तरी ते अस्वस्थ होतात; इतकी स्वच्छ डाळ कोणी उगाच विकतं का?

मला दिवस गेले आणि या संशयाला नवं काम मिळालं. वाशीमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज दही, ताक घ्या. त्यातले जिवाणू पोटाला चांगले. दूध मात्र नीट उकळलेलं हवं." घरी येऊन मी हे सांगितलं, तर काकाजींचा घास हातातच राहिला. "जिते किडे? पोटुशा बाईले? थे डॉक्टरीन सोता खाते का, इचारलं का तुनं?"

मग पाळत सुरू झाली. दुधाला उकळी फुटेपर्यंत ते गॅसजवळून हलत नसत. विरजण कोणाकडचं, भांडं कशानं घासलं, सगळी चौकशी. ज्वारीच्या आंबिलीवर बुडबुडे दिसले तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, "हे पाह्य, आतमंदी कायतरी हालून राह्यलं!" शेवटी जन्मात आंबटाला तोंड न लावणारे काकाजी माझ्याआधी चमचाभर दही खाऊ लागले. तोंड वाकडं करून दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसत. बऱ्याच वेळानं आत येऊन सांगत, "मले काई झालं नाई. खाय आता."

डोहाळजेवणाला शेजारच्या वहिनींनी खरवस आणला. भरल्या बायकांत काकाजींनी विचारलं, "चीक कवाचा? बराबर शिजोला का?" वहिनी ताट उचलून निघून गेल्या. मी चिडले. "काकाजी, तुमाले साऱ्यायचाच संशय काहून येते?"

ते खाली बघत म्हणाले, "तुयी काकू पोटुशी होती तवा मीच कच्चं दूध आनलं होतं. तसंच पेली. ताप भरला, लेकरू गेलं. तवा मी कोनाले काईच इचारलं नोतं."

मुलगी झाली ती माहेरी, कामरगावला. काकाजी बसनं आले, तिला मांडीवर घेतलं आणि तिचा चेहरा निरखला. मग हळूच म्हणाले, "नाक तुया काकूवानी हाय."

काकूंशी तिचं रक्ताचं नातंच नाही, मग नाक कसं येईल, ही शंका त्यांना आली नाही. मीही काढली नाही.