विमलकाकूंचे शिंपले

विमलकाकू गेल्याचं मला इतवारीत कळलं. कापडाच्या ज्या दुकानात मी कामाला आहे, तिथं धाकटा भाऊ सायकलने आला आणि म्हणाला, घरी चल. नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. काकूंना जाऊन आता महिना उलटून गेला...

काकूंना शिंपले गोळा करायचा नाद होता. नागपूरला समुद्र नाही, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण काका रेल्वेत. वर्षाकाठी पास मिळायचा, आणि कुठं जायचं असं विचारलं की काकू पुरी म्हणायच्या. दर्शन उरकलं की त्या किनाऱ्यावर. पदरात बांधून आणायच्या ते फक्त रिकामे शिंपले. आत जीव दिसला की परत पाण्यात सोडायच्या. घरी आल्यावर जुन्या ब्रशने घासून व्हरांड्यात वाळवायच्या.

त्यांच्या सासूबाईंना हे खपत नसे. “मेलेल्या जिवाचे हाडं होत हे. घरात काहून ठेवून राहिली वं?” काकू ऐकून घ्यायच्या आणि शिंपल्यांची पेटी कॉटखाली ढकलायच्या. एका उन्हाळ्यात त्या माहेरी गेल्या असताना अंगणात मुरूम टाकायचं काम निघालं. सासूबाईंनी पेटी मजुरांपुढे उपडी केली. वर मुरूम पडला, धुम्मसाने ठोकून घट्ट बसवला गेला. परत आल्यावर काकूंनी रिकामी पेटी पाहिली, अंगण पाहिलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, खणूनही पाहिलं नाही. माझ्या आईला एवढंच म्हणाल्या की आता फुटलेच असतील. मात्र त्यानंतर कितीतरी महिने त्या अंगणातून गेल्या नाहीत. मागच्या दाराने ये-जा करायच्या.

पुढच्या पासावर त्यांनी सासूबाईंनाच बरोबर नेलं. काकांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, त्यांनाही दर्शन होईल. तिथलं काकांनीच आम्हाला सांगितलं. म्हातारीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. देवळातून आल्या त्या वाळूत बसल्या आणि लाटांकडे पाहत राहिल्या... मग उठल्या, वाकून एक शिंपला उचलला, पाण्यात हलवला, डोळ्यांजवळ नेऊन आत पाहिलं आणि सुनेच्या हातात ठेवला.

“घे वं. रिकामाच आहे, पाह्यला मी.”

माफी कोणी मागितली नाही. पण त्या वर्षीचे शिंपले कॉटखाली गेले नाहीत. बैठकीतल्या काचेच्या कपाटात मांडले गेले. पुढे काही वर्षांनी सासूबाई गेल्या. आता काकू.

मागच्या रविवारी गेलो तर ते कपाट रिकामं. मागे गेलो तर काका मोरीपाशी पाटावर बसलेले, बादलीतला एकेक शिंपला धुऊन पेपरवर उन्हात ठेवत होते. इतक्या वर्षांत त्यांनी शिंपल्यांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले,

“धूळ बसून राहिली होती गा.”

आणि थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.