आखाजीचा मुराळी

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी झोके खेळायला माहेरी येतात. पण आपल्या पायानं नाही. त्यांना आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो. माझ्या आत्यानं साठी ओलांडली तरी हा मान सोडला नव्हता. भडगावहून आबा, माझे वडील, दरवर्षी धुळ्याला जात आणि देवपुरातून आपल्या या अक्काला घेऊन येत. घरातल्या बायका हसत, "म्हातारीची झोक्याची हौस काही फिटत नाही."

मग दोन वर्षं आबा गेलेच नाहीत. कधी नांगरटीचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. खरं कारण आईला तेवढं ठाऊक होतं. त्यांना लघवी धरवत नव्हती. शेतात बांधाआड जाता येतं, एस.टी.त कुठला बांध? मी नुकताच मास्तर झालो होतो आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं. तिसऱ्या वर्षी मी त्यांना हट्टानं गाडीत बसवलं.

आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी तोंडाला लावलं नव्हतं, तेही ऐन वैशाखात. पारोळ्याला ते उतरून आले. पुढं अर्ध्या तासानं माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "गाडी जरासी थांबाड ना."

पुढच्या बाकावर माझ्याच शाळेतले दोन मास्तर बसले होते. मला लाज वाटली. मी म्हणालो, "आबा, थोडं थांबा, धुळं आलंच."

धुळं यायला बराच वेळ लागला. स्टँडवर सगळे उतरले तरी आबा उठेनात. धोतर पुढून भिजलं होतं. "अक्काना दारशी असा जाऊ?" एवढंच ते बोलले. मला म्हणाले, तिला काही सांगू नको. आल्या गाडीनं आम्ही परत फिरलो. स्टँडसमोर कापडाचं दुकान होतं. एक नवं धोतर घ्यावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आजही ते दुकान डोळ्यांपुढून हलत नाही.

आम्हाला स्टँडवर कुणीतरी पाहिलं होतं. आत्याचा निरोप आला, "भाऊ धुळाले येईसन परत गया. मन्हं दार त्याले जड झायं का?" आबांनी तो ऐकला आणि गोठ्यात निघून गेले. पुढच्या आखाजीला तिचं नावही कुणी काढलं नाही. आबांनी गावाबाहेर जाणंच सोडलं, लग्नाकार्यालासुद्धा. मी पुन्हा आग्रह केला नाही. माझ्या जिवाला ते सोयीचंच होतं.

दोन वर्षांनी आबा गेले. आत्या आली. प्रेताजवळ बसून तिनं मला विचारलं, "त्या दिन भाऊ काब्र फिरी गया व्हता?" खरं ओठांवर आलं होतं. पण आबांनी नको म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझं 'थोडं थांबा'ही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "ऊन लागलं होतं त्यांना."

आपलं गाठोडं तिनं अजून काखेतच धरलं होतं. मुराळ्याशिवाय ती पहिल्यांदाच माहेरी आली होती.